पोरांना टाकळा ओळखायला शिकवताना

मिरगाचा पाऊस चार-पाच दिवस लागून राहिला की आपल्या बेळगाव भागात खानापूरच्या जांभ्या मातीत, येळ्ळूरच्या बांधावर, निपाणीच्या माळावर आणि शहापूर-वडगावच्या रिकाम्या प्लॉटांत टाकळा एकदमच वर येतो. कानडीत तो तगचे, कारवार-जोयड्याकडच्या कोकणीत तायकिळो. मुलांना रानभाजीची पहिली ओळख करून द्यायची असेल तर हीच निवडावी. टाकळा इतका उगवतो की पोरांच्या हातून संपेल ही धास्ती नाही. त्याचं पान मोजून ओळखता येतं. घरात भाकरी असतेच, म्हणजे भाजी ताटात जायला अडचण नाही. एक गोष्ट मात्र सांभाळायची: त्याच्याच कुळातला कासविंदा त्याच्याच शेजारी उगवतो, आणि कासविंद्याच्या बिया मुलांसाठी विषारी आहेत. त्यामुळे टाकळा कसा दिसतो हे जितकं शिकवायचं, तितकंच टाकळा कोणता नाही हेही शिकवायचं.

एका पावसाळ्यात एकच वनस्पती, हे आधी पक्कं करा. एका फेरीत टाकळा, कुर्डू, घोळ, भारंगी असं सगळं दाखवलं तर पोरं नावं पाठ करतात आणि पानं विसरतात. पुढच्या वर्षी तीच पोरं कुर्डूला टाकळा म्हणतात.

केव्हा जायचं

मिरगापासून आर्द्रा संपेपर्यंत, म्हणजे जूनचा दुसरा आठवडा ते जुलैचा पहिला आठवडा, हा खरा हंगाम. रोप वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर असतं तेव्हा पानं कोवळी आणि कडवटपणा कमी. श्रावणापर्यंत ते गुडघ्याला लागतं, पान जून होतं, वास उग्र होतो. तेव्हा भाजीचा नाद सोडावा. बघण्यासाठी मात्र जरूर जावं, कारण पिवळी फुलं तेव्हाच येऊ लागतात. खानापूर-कणकुंबीकडे पाऊस लवकर आणि जोरात, तिथे टाकळा आधी निघतो आणि आधीच जून होतो. चिकोडी-अथणीच्या कोरड्या बाजूला तो उशिरा येतो. तारखेपेक्षा रोपाची उंची बघा.

रोप नुकतंच उगवलेलं, एखाद-दोन पानांवर असेल तर ओळखीचा निकाल लावू नका. सुरुवातीच्या पानांत जोड्यांचा हिशोब पक्का नसतो. निदान चार पुरती उघडलेली पानं, म्हणजे जोड्यांसकट चार अख्ख्या दांड्या, असलेलं रोप धरा.

वेळ सकाळची, आठ ते दहा. संध्याकाळ झाली की टाकळ्याची पानं मिटून खाली लोंबतात. तेव्हा जोड्या मोजायला गेलात तर मुलाचाही गोंधळ आणि तुमचाही.

तीन खुणा, आणि तिन्ही जुळल्याच पाहिजेत

पहिली खूण मोजायची. टाकळ्याच्या एका दांडीवर छोट्या पानांच्या तीन जोड्या असतात, म्हणजे सहा सुटी पानं. शेंड्याकडची जोडी सगळ्यात मोठी, देठाकडची सगळ्यात लहान. इथल्या मुलांना समजवायला भुईमुगाइतकं सोयीचं दुसरं काही नाही. आपल्याकडे नुसतं 'शेंगा' म्हटलं तरी भुईमूगच कळतो, आणि शेंगांचं पान बहुतेक पोरांनी बघितलेलं असतं. त्याच्या दोनच जोड्या. टाकळा लांबून अगदी शेंगांच्या रोपासारखा दिसतो, म्हणून तिथूनच सुरुवात करायची: दोन जोड्या शेंगा, तीन जोड्या टाकळा, त्याहून जास्त दिसल्या की हात मागे.

दुसरी खूण टोकाची. टाकळ्याच्या पानाचं टोक गोल, अंडं उलटं धरावं तसं. कासविंद्याचं पान भाल्यासारखं निमुळतं, टोकदार, आणि जोड्या बहुतेक चार ते सहा. पण कासविंद्याच्या कोवळ्या रोपावर खालच्या पानाला तीनच जोड्याही सापडतात, म्हणून नुसत्या मोजणीवर विसंबू नये. बोटाच्या पेरानं टोक चाचपायला लावा: बोचतं की गोल लागतं?

तिसरी खूण पोरांना सगळ्यात आवडते, कारण ती भिंगातून बघायची असते. टाकळ्याच्या दांडीवर, देठाकडच्या जोडीच्या मधोमध, नारिंगी-तपकिरी रंगाचा बारीक उभा कण दिसतो. ती मधाची ग्रंथी. तिच्यासाठी मुंग्या येतात. कासविंद्याला ग्रंथी असते ती जोडीमध्ये नव्हे, दांडी जिथे खोडाला चिकटते तिथे अगदी बुडाशी, गोलसर आणि काळपट. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा, चालतं. मात्र मोबाइल मोठ्यांच्या हातात राहू द्या, नाहीतर पुढचा अर्धा तास मुंग्यांचे फोटो निघतात.

तीन जोड्या, गोल टोक, जोडीमध्ये कण. यातली एक जरी चुकली तरी ते रोप सोडायचं.

वासावर अजिबात जाऊ नका. 'चोळून बघ, वास आला की कासविंदा' असं सांगणारे भेटतात. चोळल्यावर टाकळ्यालाही उग्र वास येतोच.

आपल्या भागात आणखी दोन फसवे आहेत. धारवाडपासून बेळगावपर्यंतच्या रस्त्याकडेला आणि पडीक जागेत एक लवदार टाकळा माजलेला असतो. मूळ अमेरिकेतला, काँग्रेस गवताला हटवतो म्हणून नावाजलेला. त्याच्या अंगावर डोळ्यांना दिसेल इतकी लव असते, जोड्या तीन ते पाच, आणि शेंगा आखूड, सरळ, पेरापेरांनी दबलेल्या. तो भाजीचा नाही. दुसरा तरवड. काळ्या मातीत झुडूप होऊन वाढतो आणि त्याच्या जोड्या आठ-दहा असतात, त्यामुळे मोजणाऱ्या पोराला तो फसवू शकत नाही.

कासविंद्याबद्दल मुलांना काय सांगायचं

घाबरवू नका, पण गुळमुळीतही बोलू नका. पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा सरल्यावर लहान मुलांना एक आजार व्हायचा. उलट्या, मग बेशुद्धी, यकृत आणि स्नायूंना इजा, आणि बरीच मुलं दगावायची. कित्येक वर्षं तो मेंदूज्वर समजला जात होता. सन २००० नंतरच्या दशकात डॉक्टरांनी त्याचा माग काढला आणि तो खेळता खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या बियांपर्यंत पोचला. मोठी माणसं कासविंद्याच्या बिया भाजून औषधाला वापरतात, काही ठिकाणी कोवळा पालाही खातात. पण मुलांच्या पाठात त्याला जागा नाही.

मुलांसाठी नियम दोन ओळींत बसला पाहिजे. शेंग कोणतीही असो, बी तोंडात नाही. आणि पान कोणतंही असो, घरी शिजल्याशिवाय तोंडात नाही. हे टाकळ्यालाही लागू, म्हणजे अपवाद लक्षात ठेवायची वेळ येत नाही. कुंपणावरची गुंज याच नियमात आपोआप येते. लाल-काळी बी पोरांना खेळायला फार आवडते आणि चावली गेली तर ती अतिशय घातक आहे.

मुलानं बिया खाल्ल्याचा संशय आला तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका. तोंडातलं काढून टाका, झाडाची शेंगेसकट फांदी पिशवीत घाला आणि मुलासोबत ती दवाखान्यात न्या. कोणतं झाड हे डॉक्टरांना दिसलं की वेळ वाचतो.

तोडायच्या आधीचे तीन दिवस

पहिल्या दिवशी नुसतं बघायचं. एक रोप निवडा, त्याला सुतळीचा तुकडा सैल बांधा, हे आपलं रोप. मुलाला वहीत एक पान काढायला सांगा. चित्र चांगलं यायची गरज नाही. सहा पानं आणि मधला कण आला की झालं. पाच-सहा वर्षांच्या मुलांकडून फक्त मोजून घ्या, कण त्यांना अजून दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच रोपाकडे दोनदा जायचं, सकाळी आणि सूर्य मावळल्यावर. जूनमध्ये बेळगावात सातच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा सातनंतर थोडं थांबून जा. सकाळी पसरलेली पानं आता जोडी जोडीनं मिटून खाली झुकलेली असतात. 'झोपलं' हा शब्द पोरं स्वतःच वापरतात. शेंगांचं रोपही असंच मिटतं. जवळ शेत असेल तर दोन्ही शेजारी शेजारी दाखवा, मग हे एकाच मोठ्या शेंगकुळातले आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही. पानं चाळताना पिवळसर अंडं किंवा हिरवी अळी दिसली तर ते रोप सोडून द्या. आपल्याकडची छोटी पिवळी फुलपाखरं आणि पांढरट-हिरवट मोठी फुलपाखरं टाकळ्यावर अंडी घालतात. पानाच्याच रंगाची अळी भाजीत शिजली तर पोरगं पुढची दोन वर्षं टाकळ्याला हात लावणार नाही.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. मोठ्यांनी दहा पानं आणून वर्तमानपत्रावर उधळायची: पाच टाकळ्याची, दोन शेंगांची, दोन कासविंद्याची, एक तरवडाचं. पान म्हणजे बुडापासून तोडलेली अख्खी दांडी. सुटं छोटं पान देऊ नका, आणि बूड तुटलं असेल तर कासविंद्याची ग्रंथी दिसणार नाही. मुलानं दोन ढीग करायचे, टाकळा आणि टाकळा नाही. दोनदा सलग चूक न होता ढीग लागले तरच तोडायला न्यायचं. चूक झाली तर कुठे झाली ते बघा. बहुतेक वेळा पोरं जोड्या न मोजता सुटी पानं मोजतात आणि सहाचा आकडा डोक्यात धरून बसतात. मग एक छोटं पान गळालेला टाकळा त्यांना वेगळाच वाटतो. दांडीच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं ठेवून 'एक जोडी, दोन जोडी' असं मोजायला लावलं की हे सुटतं. परीक्षेनंतर हात साबणानं धुवायचे.

कुठून तोडायचं नाही

टाकळा निरुपद्रवी असला तरी जागा तशी असेलच असं नाही. संकेश्वर-निपाणीवरून जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला तो भरघोस येतो, पण तिथला धूर-धूळ पानावर बसलेली असते. गटाराचा काठ, उकिरडा, वीटभट्टीची जागा, जनावरं बांधायची जागा सोडा. सगळ्यात जास्त चूक होते ती शेताच्या बांधावर. चिकोडी-रायबागेकडे उसाला आणि निपाणीकडे तंबाखूला फवारणी होते, आणि तणनाशकाचा फवारा बांधावर उडतोच. पानं पिळवटलेली, कडेनं पिवळी पडलेली किंवा शेंडा वाकडा झालेला दिसला तर औषध मारलेलं आहे असं समजा. पण ताज्या फवारणीची खूण दोन-तीन दिवस दिसतही नाही, म्हणून बांध ज्याचा त्याला विचारूनच तोडायचं. विचारणं हा पाठाचाच भाग आहे. 'काका, इथं औषध मारलंय का?' हे मुलानंच विचारू द्या.

उत्तम जागा म्हणजे परडं, देवळामागचा माळ, शाळेचं मैदान, गायरान. काँग्रेस गवतातून टाकळा वेचावा लागला तर ते काम मोठ्यांनी करावं. त्या गवतानं कित्येकांच्या अंगाला खाज सुटते.

तोडणं आणि निवडणं

बुट्टी किंवा कापडी पिशवी न्या. प्लास्टिकच्या पिशवीत कोवळा पाला तासाभरात गरम होऊन काळा पडतो. अख्खं रोप उपटायचं नाही. वरचा शेंडा, दोन-तीन पानांसकट, अंगठ्याच्या नखानं खुडायचा. सहज तुटला तर कोवळा. ओढावं लागलं, दोर निघाला, तर जून, सोडून द्या. खुडलेल्या जागेखालून फुटवे येतात आणि आठ-दहा दिवसांनी त्याच रोपावरून पुन्हा खुडता येतं. आपलं सुतळीचं रोप खुडायचं नाही, ते शेंगा येईपर्यंत राहू द्या.

चार माणसांच्या घराला पाव किलो शेंडे पुरतात. घरी आल्यावर सगळं फडक्यावर पसरून मोठ्या माणसानं एकेक शेंडा पुन्हा बघायचा. हे टाळायचं नाही, मुलानं परीक्षा दहा वेळा पास केली असली तरी. बाजारातून वाटा आणला तरी हेच. वाटे लावणाऱ्या मावशींची नजर पक्की असते, पण घाईत कापलेल्या पाल्यात भलतं पान येऊ शकतं, आणि घरी बसून निवडायला तो वाटा पोरांच्या हाती देणं हा पावसाच्या दिवशीचा चांगला उद्योग आहे.

मग तीन पाण्यांतून धुवायचं. पाला पाण्यात बुडवून हलवायचा आणि वरच्या वर उचलून घ्यायचा. भांडं ओतून पाणी काढलं तर तळाची वाळू परत पाल्यात येते. जांभ्या मातीतला पाला असेल तर चौथं पाणीही लागतं.

मुलांच्या ताटात

मोठ्यांसाठी टाकळा थेट फोडणीत टाकला तरी चालतो. मुलांसाठी आधी उकळून घ्या. डिचकीत दीड लिटर पाणी उकळू द्या, पाला टाका, तीन मिनिटं झाकण न ठेवता उकळा, चाळणीत ओता, ते पाणी टाकून द्या, गार झाल्यावर पिळून बारीक चिरा. कडवटपणा आणि उग्र वास बराचसा पाण्यात जातो. थोडे जीवनसत्त्वही जातं, पण पहिल्या घासाला तोंड वाकडं झालं तर उरलेलं जीवनसत्त्व ताटातच राहणार.

भाजीसाठी दोन मोठे चमचे तूरडाळ पाऊण तास भिजवा. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, ठेचलेल्या सहा पाकळ्या लसूण, एक सुकी मिरची आणि बारीक चिरलेला एक कांदा परता. डाळ आणि अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवा, आठ-दहा मिनिटांत डाळ बोटानं चेपली पाहिजे. मग पाला घाला आणि झाकण काढून पाच मिनिटं परता. मीठ आता, शेवटी, पाव चमच्यापासून सुरू करून. मीठ आधी घातलं तर पाला केवढा होता या अंदाजानं घातलं जातं, आणि पाला आक्रसल्यावर भाजी खारट होते. टाकळ्याची भाजी बिघडते ती नव्वद टक्के इथेच. सुपारीएवढा गूळ आणि तीन चमचे ओलं खोबरं घालून उतरवा. खानापूरकडे घरात फणसाच्या आठळ्या साठवलेल्या असतात. सात-आठ उकडून, सोलून, तुकडे करून डाळीबरोबर टाका. मुलं आठळ्या शोधत भाजी खातात.

पाल्याला नाक मुरडणाऱ्या पोरासाठी थालीपीठ. उकळून पिळलेला चिरलेला पाला अर्धी वाटी, जोंधळ्याचं पीठ एक वाटी, बेसन पाव वाटी, एक कांदा, एक चमचा तीळ, चिमूटभर हळद, तिखट आणि मीठ बेतानं. गरम पाण्यानं भिजवा, गार पाण्यानं भिजवलं की थापताना कडा फाटतात. पीठ हाताला चिकटत असेल तर पाला नीट पिळलेला नाही. थोडं पीठ वाढवा, पाणी नको.

पहिल्यांदा खाणाऱ्या मुलाला एक-दोन चमचे भाजी पुरे, तीही दुपारच्या जेवणात. टाकळ्यात पोट साफ करणारी द्रव्यं आहेत. जास्त खाल्ली तर पातळ होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत अंगावर पुरळ नाही, पोट ठीक आहे, तर पुढच्या खेपेला अर्धी वाटी. आठवड्यातून एक-दोनदा पुरे. दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, आणि पोट बिघडलेलं असेल किंवा कायमचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेंगा येईपर्यंत

भाजी झाली तरी सुतळीचं रोप बाकी आहे. पंधरवड्यातून एकदा त्याची उंची दोरीनं मोजून वहीत लिहायची. श्रावण-भाद्रपदात पानाच्या बगलेत फुलं दिसतात, बहुधा जोडीनं, पाच पिवळ्या पाकळ्यांची. मग शेंगा: लांब, बारीक, चौकोनी कडांच्या, कोयतीसारख्या वाकलेल्या, कित्येकदा वीतभर. कासविंद्याची शेंग रुंद, चपटी, आखूड आणि मधे तपकिरी पट्टा असलेली. दोन्ही शेजारी ठेवून दाखवण्याची हीच वेळ, कारण आता फरक न मोजताही दिसतो. शेंगा मोठ्यांनी धरायच्या.

टाकळ्याच्या बिया व्यापारी विकत घेतात, त्यातून खळीसारखा चिकट पदार्थ निघतो, हे पोरांना सांगायला हरकत नाही. फक्त त्यांच्या खिशात बी जाऊ देऊ नका. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आठ-दहा पक्क्या बिया बाटलीत घालून, चिठ्ठी लावून, उंच फळीवर ठेवाव्यात. पुढच्या मे महिन्याअखेर त्या मोठ्यांनी पॉलिशपेपरवर घासाव्यात, कारण साल इतकं टणक असतं की नुसतं पेरून त्या निवांत पडून राहतात. रात्रभर पाण्यात ठेवून, तळाला भोकं पाडलेल्या तेलाच्या डब्यात एक सेंटिमीटर खोल टोचाव्यात. डब्यातल्या रोपांना शेंगा धरायच्या आधी ती उपटून टाका, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या सगळ्या कुंड्यांतून टाकळा निघेल.